शाखेतील भंगार आणि बँकेचा अहवाल

सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर महाराष्ट्राची हद्द संपण्याच्या बेतात दुधनी हे स्थानक लागते. अक्कलकोट तालुक्यातील हे एक लहान नगरपरिषदेचे गाव. बाजारात मराठीइतकीच, किंबहुना काकणभर अधिक, कन्नड ऐकू येते. तुरीच्या हंगामात सीमेच्या अलीकडचे आणि पलीकडचे शेतकरी येथील बाजार समितीच्या आवारात माल घेऊन येतात. पट्टी झाली की पैशाचा पुढचा प्रवास बँकेतून होतो. अशा गावांपर्यंत बँक पोहोचली ती बाजाराच्या कृपेने नव्हे. ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी करणाऱ्या गोरवाला समितीच्या अहवालानंतर १ जुलै १९५५ रोजी इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि पाच वर्षांत चारशे नव्या शाखा उघडण्याचे बंधन तिच्यावर कायद्याने आले. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्या निर्णयामागे समाजवादी चळवळीचा दीर्घ आग्रह होता. म्हणून या बँकांच्या कारभाराविषयी बोलण्याचा अधिकार आणि जबाबदारी त्या चळवळीकडे अजूनही आहे.

बँकेचा कचरा हा विषय पक्षाच्या कार्यकर्त्याला प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. साखर कारखान्याची मळी, कापडगिरणीचे रंगीत पाणी, औष्णिक केंद्राची राख ही डोळ्यांना दिसतात, नाकाला जाणवतात. बँकेत कसला कचरा असणार? थोडे कागद, चहाचे कप आणि कोपऱ्यातले जळमट! मोठ्या बँकांच्या अहवालांतही नेमका हाच सूर असतो. बँक हा सेवा उद्योग असल्याने ती घातक रसायने वापरत नाही, आणि जो काही ई-कचरा निर्माण होतो तो अधिकृत संस्थांकडे सोपविला जातो, अशा आशयाची दोन-तीन वाक्ये येतात आणि विषय मिटतो. तो इतक्या सहजी का मिटू देऊ नये, हे पाहण्यासाठी आधी शाखेत काय काय येते आणि तेथून काय काय बाहेर पडते ते ध्यानात घेतले पाहिजे.

एकेकाळी शाखेत लाकडी मेजे, लोखंडी कपाटे, जाडजूड खातेवह्या आणि टाचण्या असत. ही मालमत्ता दोन पिढ्या टिकत असे. आज त्याच जागेत संगणक, छापयंत्रे, नोटा मोजण्याची यंत्रे, पासबुक छापणारी यंत्रे, कॅमेरे, जाळ्याची उपकरणे आणि या सर्वांना वीज गेल्यावर जिवंत ठेवणाऱ्या बॅटऱ्या आहेत. महाराष्ट्रातील भारनियमनाच्या वर्षांत खेड्यापाड्यांतील कचेऱ्यांना या बॅटऱ्यांवाचून गत्यंतर राहिले नव्हते; भारनियमन कमी झाले तरी बॅटऱ्या राहिल्या. संगणकावर वार्षिक तेहतीस टक्क्यांहून किंचित अधिक घसारा धरण्याची बँकांची रीत आहे, म्हणजे तीन वर्षांत हिशेबी मूल्य शून्यावर येते. यंत्र त्यानंतरही काही वर्षे चालते, मग ते एका कोपऱ्यात उभे राहते, आणि पुढे एके दिवशी ते तेथे नसते. स्टेट बँकेच्या देशभरात बावीस हजारांहून अधिक शाखा आहेत. पैसे देणारी स्वयंचलित यंत्रे त्याहून कितीतरी अधिक. एका शाखेच्या कोपऱ्यात उभी असलेली चार यंत्रे क्षुल्लक खरी, पण त्यांना बावीस हजारांनी गुणले म्हणजे तो एक मोठा कारखानाच होतो; फक्त त्याची चिमणी कोठे एका जागी दिसत नाही.

कागद कमी झाल्याचा डांगोरा बराच पिटला गेला. स्टेट बँकेने २०१० साली हरित मार्गिका म्हणून खिडकीवर कार्ड घासण्याची व्यवस्था आणली, पुढे २०१६ नंतर भ्रमणध्वनीवरून पैसे देण्याची रीत आली, आणि पैसे काढण्याच्या चिठ्ठ्या खरोखरच घटल्या. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु कागद गेला त्या जागी जे आले ते कागदासारखे कुजणारे नाही. यंत्रातून निघणारी गुळगुळीत पावती कागदाची दिसते, पण उष्णतेने अक्षर उमटावे म्हणून तिच्यावर जो रासायनिक लेप असतो त्यात बहुधा बिस्फेनॉल असते, आणि अशी पावती रद्दीत मिसळली तर सगळी रद्दी बिघडते. कार्ड प्लास्टिकचे असून त्याच्या पोटात धातूचा तुकडा. चहाच्या टपरीवर रक्कम मोठ्याने सांगणाऱ्या छोट्या डबीतही बॅटरी असते. ही डबी बँकेची की मध्यस्थ कंपनीची, आणि बंद पडल्यावर ती कोणी परत घ्यायची, हे टपरीवाल्याला विचारले तर तो हसेल.

याउलट, शाखेतील जुने कागद मात्र सहजासहजी बाहेर जाऊ शकत नाहीत. १९८५ च्या नियमांनुसार काही दस्तऐवज पाच वर्षे आणि काही आठ वर्षे जपावे लागतात. त्यांत खातेदारांची नावे, सह्या, अंगठे असतात. मुदत संपल्यावर त्यांचे बारीक तुकडे करून नाश करणे इष्ट. पण तुकडे झालेल्या कागदाचा धागा आखूड होतो आणि भाव पडतो. गुप्तता आणि पुनर्वापर यांचा असा झगडा आहे, तो प्रत्येक शाखा आपापल्या परीने मिटविते.

आता अहवालाकडे वळू या. भांडवल बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीने २०१२ साली प्रथम सर्वांत मोठ्या शंभर कंपन्यांवर व्यावसायिक जबाबदारीचा अहवाल देण्याचे बंधन घातले. १० मे २०२१ च्या परिपत्रकाने त्याची जागा अधिक तपशीलवार अशा शाश्वतता अहवालाने घेतली, आणि २०२२-२३ पासून बाजारमूल्यात वरच्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना तो सक्तीचा झाला. त्यात नऊ तत्त्वे आहेत. पर्यावरणाचे सहावे. त्या सदरात कचऱ्याचा तक्ता येतो: प्लास्टिक, ई-कचरा, जैववैद्यकीय, बांधकामाचा राडारोडा, बॅटऱ्या, किरणोत्सारी, इतर घातक, इतर साधा. प्रत्येकाचे वजन टनांत लिहायचे. पुढे त्यातील किती पुनर्प्रक्रियेला गेले, किती पुन्हा वापरले, किती जाळले, किती पुरले. किरणोत्सारी कचऱ्याच्या रकान्यात बँक निष्ठेने शून्य लिहिते. तेवढ्या एका आकड्याविषयी कोणाचेही दुमत होण्याचे कारण नाही.

हा तक्ता निरुपयोगी आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. पूर्वी कोणी विचारतच नव्हते, आता विचारले जाते. परंतु कोणत्या रीतीने विचारले जाते, यावर उत्तराची किंमत ठरते. कचऱ्याचे वजन उलाढालीच्या प्रत्येक रुपयामागे किती, असा एक आकडा या अहवालात द्यावा लागतो. साखर कारखान्याला तो काही अंशी लागू पडेल, कारण तेथे माल आणि मळी यांचा संबंध आहे. बँकेच्या बाबतीत मात्र हा आकडा म्हणजे अदृश्य होण्याची विद्या ठरतो. स्टेट बँकेचे वार्षिक उत्पन्न सुमारे पाच लाख कोटी रुपयांच्या घरात आहे. समजा एखाद्या वर्षी तिने एक हजार टन कचरा निर्माण केला. तर पाच हजार रुपयांच्या उत्पन्नामागे एक ग्रॅम! दोन हजार टन केला तरी दोनच ग्रॅम. व्याजाचे दर वाढले की उत्पन्न वाढते आणि एकही बॅटरी कमी न टाकता बँक अधिक स्वच्छ झालेली दिसते. २०२३ च्या सुधारणेने याच आकड्याला देशोदेशींच्या क्रयशक्तीच्या प्रमाणात बदलून पुन्हा एकदा लिहावयास सांगितले आहे. दुधनीच्या गल्लीत पडलेल्या बॅटरीला डॉलरची क्रयशक्ती लावून काय निष्पन्न होते, हे त्या शास्त्राच्या जाणकारांनाच ठाऊक.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. वजन मध्यवर्ती कचेरीत लिहिले जाते, पण ते केले कोठे जाते? मुंबईच्या मुख्यालयात वजनकाटा असू शकतो, कचरा उचलणारी नोंदणीकृत संस्था दाराशी येते, तिची पावती मिळते. लेखापरीक्षकाला ती दाखविता येते. तालुक्याच्या गावी भाड्याच्या जागेत असलेल्या शाखेत यांपैकी काय आहे? शाखेचा रोजचा केर नगरपरिषदेच्या घंटागाडीत किंवा शेजारच्या उकिरड्यावर जातो, आणि त्याचे वजन होत नाही. म्हणून बँकेच्या आकड्याविषयी पहिला प्रश्न हा विचारला पाहिजे की तो किती शाखांतून आला. बावीस हजारांपैकी किती ठिकाणी तराजू होता, आणि उरलेल्या ठिकाणांचा आकडा अंदाजाने धरला की धरलाच नाही, हे अहवालाच्या पहिल्या ओळीत असावयास हवे.

येथे बँकेच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो आणि तो ऐकून घेतला पाहिजे. इतक्या विखुरलेल्या संस्थेला शाखाशाखांत कचरा मोजणे व्यवहार्य नाही, त्याचा खर्च लाभाहून मोठा होईल, असे सांगितले जाते. दुसऱ्या एखाद्या उद्योगाने हे सांगितले असते तर त्यावर विचार करता आला असता. परंतु मोजणे हाच ज्या संस्थेचा धंदा, तिच्या तोंडी हे शोभत नाही. शाखेतील प्रत्येक खुर्चीला, पंख्याला, संगणकाला क्रमांक असतो. डेड स्टॉकची नोंद असते, ती तपासनीस तपासतो. यंत्र बाद ठरवावयाचे तर त्याचे निर्लेखन होते, वरिष्ठांची मंजुरी लागते, आणि भंगार विकून आलेली शंभर रुपयांची रक्कमसुद्धा उत्पन्नखात्यात जमा होते. म्हणजे शाखेतून कोणती वस्तू कधी, कोणाला, किती रुपयांना गेली, हे बँकेला ठाऊक आहे. ठाऊक नसते ते केवळ वजन आणि तिचा पुढचा मुक्काम. कारण त्या नोंदीत ते दोन रकाने कोणी आखलेलेच नाहीत. पैसा जमा झाला की बँकेच्या दृष्टीने व्यवहार संपला. वस्तूचा व्यवहार मात्र तेथून सुरू होतो.

नोटांच्या बाबतीत काय घडते ते पाहावे. दुधनीच्या बाजारात तुरीच्या पोत्यांवरून आणि तंबाखूच्या हातांतून फिरलेली नोट मळते, फाटते, शाखेत येते, तेथून चलनपेढीत आणि अखेरीस रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात जाते. तेथे यंत्र ती तपासते, मोजते, आणि तिचे तुकडे करते. पूर्वी अशा नोटा जाळीत असत. १९९९ च्या स्वच्छ नोट धोरणानंतर तुकडे करून त्यांच्या विटा दाबण्याची यंत्रे आली. नोव्हेंबर २००१ मध्ये बँकांना नोटांच्या गड्ड्यांना टाचणी मारण्याची बंदी झाली, त्याचेही कारण नोटेचे आयुष्य वाढावे हेच होते. वर्षाकाठी दोन हजार कोटींहून अधिक नोटा अशा रीतीने नाहीशा होतात, आणि त्यांच्या चुऱ्याचे वजन सुमारे पंधरा हजार टन भरते, असे रिझर्व्ह बँकेने २०२४-२५ च्या आपल्या वार्षिक अहवालात सांगितले आहे. हा चुरा बहुतांशी पुरला किंवा जाळला जातो; त्यापासून लाकडाच्या भुश्शाच्या फळ्यांसारख्या फळ्या करता येतील का, याचा अभ्यास बंगळूरच्या काष्ठविज्ञान संस्थेकडून करवून घेण्यात आला. २०१६ च्या नोटाबंदीनंतर केरळातील कण्णूरच्या एका प्लायवूड कारखान्याने असा चुरा घेऊन फळ्या केल्याही होत्या. सांगावयाचे एवढेच की, ज्या गोष्टीला मूल्य आहे असे बँकव्यवस्थेने मानले, तिचा पाठपुरावा मरणोत्तरसुद्धा करता येतो. नोटेचा तुकडा कोठे गेला ते सांगता येते, तर बॅटरी कोठे गेली ते का सांगता येऊ नये?

बॅटरीचा आग्रह धरण्याला कारण आहे. शाखेतून बाहेर पडणाऱ्या वस्तूंत सर्वांत घातक आणि सर्वांत सहज विकली जाणारी वस्तू तीच. तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिसे असतो, आणि शिशाला नेहमी गिऱ्हाईक असते. नोंदणीकृत कारखान्यात ती फोडली तर आम्ल वेगळे होते, धूर गाळला जातो. गावाबाहेरच्या भट्टीत ती कुऱ्हाडीने फोडली जाते, आम्ल मातीत जाते, धूर भोवतालच्या घरांत. युनिसेफने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील दर तीन मुलांपैकी एकाच्या, म्हणजे सुमारे ऐंशी कोटी मुलांच्या, रक्तात शिशाचे प्रमाण धोक्याच्या पातळीवर किंवा त्याहून अधिक आहे, आणि त्यांतील फार मोठा वाटा भारतातील मुलांचा आहे. बॅटऱ्यांची अशी बेकायदा फोड हे त्याचे एक प्रमुख कारण म्हणून तेथे नोंदले आहे. कायदा नाही असे नाही. बॅटऱ्यांविषयीचे पहिले नियम २००१ चे, त्यांची जागा २०२२ च्या नियमांनी घेतली. ई-कचऱ्याचे नियम २०११ मध्ये झाले, २०१६ मध्ये बदलले, आणि १ एप्रिल २०२३ पासून नवे लागू आहेत. एका आर्थिक वर्षात सूचीतील एक हजार उपकरणे वापरणारी कोणतीही संस्था त्यांनुसार मोठी ग्राहक ठरते आणि तिने आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्तीकार किंवा पुनर्प्रक्रियाकार यांनाच दिला पाहिजे. स्टेट बँक ही अट एका जिल्ह्यातच ओलांडीत असेल. म्हणून तक्रार कायद्याच्या अभावाची नाही. जगात २०२२ साली निर्माण झालेल्या सहा कोटी वीस लाख टन ई-कचऱ्यापैकी जेमतेम बावीस टक्के रीतसर गोळा झाला, असे संयुक्त राष्ट्रांशी संलग्न संस्थांची पाहणी सांगते. उरलेल्याचा हिशेब देण्यास कोणीही बांधलेला नाही.

अहवालात "अधिकृत संस्थेकडे सोपविला" आणि "पुनर्प्रक्रिया झाली" ही दोन वाक्ये एकच समजली जातात, हा आणखी एक घोळ आहे. सोपविणे ही पावती आहे, पुनर्प्रक्रिया ही क्रिया आहे. त्या दोहोंमध्ये अडते, उपअडते, गोदामे आणि दिल्लीच्या सीलमपूरपासून मुरादाबादपर्यंतच्या गल्ल्या असू शकतात, जेथे मुले आणि स्त्रिया तारा जाळून तांबे काढतात.

त्यातच बँकेने आपली निम्मी कामे बाहेर दिली आहेत. स्वयंचलित यंत्रांपैकी पुष्कळशी ठेकेदार कंपन्या बसवितात आणि चालवितात; फलकावर नाव बँकेचे, मालकी दुसऱ्याची. त्यांतील बॅटऱ्या, पावत्यांचे रूळ, वातानुकूलन यंत्र यांचा कचरा कोणाच्या नावावर? अहवालाच्या परिभाषेत हा मूल्यसाखळीचा प्रश्न आहे. २०२३ साली सेबीने या साखळीची माहितीही टप्प्याटप्प्याने मागण्याचे ठरविले होते. २८ मार्च २०२५ च्या परिपत्रकाने व्यवसायसुलभतेच्या नावाखाली ती ऐच्छिक करण्यात आली, आणि साखळीत कोणाला धरावयाचे याची मर्यादाही खरेदी-विक्रीच्या दोन टक्के अशी ठेवली गेली. दोन टक्क्यांची ही चाळण अशी आहे की तिच्यातून मोठा संगणकविक्रेताच काय तो वर राहील. जिल्ह्याच्या गावचा सफाईचा ठेकेदार आणि त्याने ठेवलेली बाई यांची गणना तिच्यात कधीच होणार नाही.

त्या बाईविषयी थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण अहवालात तिच्यासाठी जागाच नाही. बँक कर्मचाऱ्यांच्या चळवळीने एके काळी शाखेच्या झाडूवाल्यालासुद्धा वेतनश्रेणीत आणले होते. शास्त्री आणि देसाई लवादांच्या निवाड्यांनंतर १९६६ पासून जे द्विपक्षीय करार झाले, त्यांनी अर्धवेळ सफाई कामगाराला आठवड्याच्या तासांप्रमाणे श्रेणीच्या एक तृतीयांश, निम्मे किंवा पाऊण वेतन मिळवून दिले. महागाई भत्ता त्याच प्रमाणात. दिवसाकाठी दोन-तीन तास झाडणाऱ्या माणसाच्या वेतनाचे सूत्र देशातील सर्वोच्च बँकाधिकाऱ्यांसमोर बसून ठरविले जात होते, ही भारतीय कामगार चळवळीची लहानशी नव्हे अशी मिळकत होती. पुढे या जागा भरणे मंदावले आणि काम ठेक्यावर जाऊ लागले. आज शाखेचा केर काढणारी स्त्री पुष्कळ ठिकाणी ठेकेदाराची असते. रद्दी वेगळी, प्लास्टिक वेगळे, चहापत्ती वेगळी करणारे हात तिचे. अहवालात ज्या वर्गीकरणाचा गौरव असतो ते वर्गीकरण प्रत्यक्षात ती करते. पण तिचा पगार बँकेच्या वेतनखर्चात नाही, ती बँकेच्या कर्मचारीसंख्येत नाही, आणि तिने वेगळे केलेले वजन बहुधा कचऱ्याच्या तक्त्यातही नाही.

पुण्याचा अनुभव येथे उपयोगी आहे. डॉ. बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तेव्हा कचरावेचक स्त्रीला शहराने चोर किंवा भिकारीण याखेरीज दुसरी ओळख दिलेली नव्हती. पंचायतीने प्रथम तिच्या हाती ओळखपत्र दिले, मग तिने वाचविलेल्या कचऱ्याचे वजन मोजून महापालिकेपुढे ठेवले, आणि वाहतुकीचा किती खर्च ती वाचविते हे पैशांत दाखविले. त्यातूनच पुढे स्वच्छ ही सहकारी संस्था झाली आणि २००८ साली महापालिकेशी करार झाला. तो करार पुढे वारंवार लोंबकळत राहिला हे खरे. तरीही एक गोष्ट सिद्ध झाली. कचऱ्याचा प्रामाणिक हिशेब वेचणाऱ्याच्या बाजूने मांडता येतो, आणि तसा तो मांडला की वेतनाचा, विम्याचा, हक्काचा प्रश्न आपोआप उभा राहतो. मालकाने मांडलेल्या हिशेबात हा प्रश्न कधीच उभा राहत नाही. बँकेच्या अहवालाचे दोन्ही तक्ते, मनुष्यबळाचा आणि कचऱ्याचा, एकमेकांपासून पन्नास पानांवर असतात. झाडूवाली त्या पन्नास पानांच्या मधल्या पोकळीत उभी आहे.

शासनाची दृष्टी निराळी नाही. २०२१ पासून दर ऑक्टोबरात केंद्र सरकार कचेऱ्यांच्या साफसफाईची विशेष मोहीम काढते आणि सरकारी बँका तिच्यात हिरिरीने उतरतात. मोहिमेअखेर किती फायली निकालात निघाल्या, किती चौरस फूट जागा मोकळी झाली आणि भंगारातून किती कोटी मिळाले, यांचे आकडे जाहीर होतात. चौरस फूट आणि रुपये! ते भंगार कोणाच्या गोदामात गेले आणि तेथून कोणाच्या फुप्फुसात, हा रकाना या जाहीर आकड्यांत नाही. शिवाय मोठे लिलाव मोठ्या ढिगांचे होतात, त्यात गावच्या भंगारवाल्याला शिरकाव नाही. म्हणजे घातक ते त्याच्या वाट्याला येऊ शकते, आणि फायद्याचे वरच्या वर जाते.

या सर्वांहून मोठा कचरा मात्र बँकेच्या दारातून कधी बाहेर पडतच नाही, तो तिच्या कर्जातून निर्माण होतो. सोलापूर हा साखरेचा जिल्हा. मळीपासून एक लिटर मद्यार्क काढताना आठ ते पंधरा लिटर सांडपाणी निघते. या उद्योगाला खेळते भांडवल बँका पुरवितात, अलीकडे इथेनॉलसाठी सवलतीच्या व्याजाचे कर्जही. त्या सांडपाण्याचे काय होते हे कर्जाच्या कागदपत्रांत एका मंजुरीपत्रापुरते असते. बँकेने आपल्या मुख्यालयातील प्लास्टिकच्या बाटल्या बंद केल्या हे उत्तम झाले, पण नदीकाठच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने कर्जमंजुरीच्या बैठकीत कोणते पाणी पिण्यास ठेवले होते हा महत्त्वाचा प्रश्न नाही. हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे, म्हणून येथे तो वाढविण्याचे कारण नाही.

पक्षाच्या कार्यकर्त्यांना यात करण्यासारखे काय आहे? पुष्कळ आहे, आणि त्यासाठी मुंबईस जाण्याची आवश्यकता नाही. स्टेट बँकेचे निम्म्याहून अधिक भागभांडवल सरकारचे आहे. ती आणि सर्व राष्ट्रीयीकृत बँका २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली येतात. खासगी बँकांना हा कायदा लागू नाही, आणि सरकारी बँकांच्या खासगीकरणाला विरोध करण्याच्या कारणांत या कारणाचीही भर घालावयास हरकत नाही. दहा रुपयांच्या अर्जावर दुधनी, मैंदर्गी, अक्कलकोट येथील शाखांविषयी विचारता येईल: गेल्या तीन वर्षांत किती बॅटऱ्या बदलल्या, जुन्या कोणाला दिल्या, त्यांच्या नोंदणीचा क्रमांक कोणता, बाद संगणक कोठे गेले, शाखेची सफाई कोण करते, त्याला किमान वेतन मिळते काय. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. नोंद नाही असे उत्तर आले तर तेही लेखी उत्तर आहे, आणि ते वार्षिक अहवालातील तक्त्याशेजारी ठेवून वाचता येते. अहवाल सर्वांना खुला आहे; तो इंग्रजीत आणि शेकडो पानांचा असतो एवढीच अडचण, ती जिल्हा कचेरीतील एका शिक्षकाने रविवार घालवला तर दूर होईल.

मागणी साधी ठेवावी. शाखेच्या दर्शनी भागात व्याजदरांचा फलक असतो, तक्रार कोणाकडे करावी त्याची पाटी असते. त्याच भिंतीवर वर्षातून एकदा एक कागद लावावा: या शाखेतून इतकी यंत्रे, इतक्या बॅटऱ्या, इतकी रद्दी अमुक संस्थेस अमुक दिवशी दिली. डेड स्टॉकच्या नोंदीत वजनाचा आणि मुक्कामाचा रकाना वाढविण्यास कायद्यात बदल लागत नाही, मुंबईहून एक परिपत्रक पुरते. ठेकेदाराच्या यंत्रांची जबाबदारी फलकावर ज्याचे नाव त्याची, ही दुसरी मागणी. तिसरी नगरपरिषदेसाठी: लहान गावाच्या घंटागाडीत जेव्हा देशातील सर्वांत मोठ्या बँकेचा केर पडतो, तेव्हा त्याचा आकार एखाद्या किराणा दुकानाइतकाच असू नये.

आणि बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी हा विषय पुढील द्विपक्षीय वाटाघाटींत मांडावा. सफाईच्या कामाचे तास, त्याची श्रेणी आणि ठेक्यातील स्त्रीला मिळणारी रक्कम ही त्यांच्या मागणीपत्रात एके काळी होती. त्या मागणीपत्रावर सह्या करणाऱ्यांतील कित्येक जण आज निवृत्तिवेतन घेण्यासाठी याच शाखांच्या रांगेत उभे असतात, आणि त्यांच्या पायाशी झाडू फिरविणाऱ्या बाईला ते नावाने ओळखतात.